अर्धलीचं टायपिंग मशीन

शमीम, देवणीच्या स्टँडवरून मी लातूरची एसटी पकडली, तेव्हा तू शाळेत होतीस. अम्मीनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि निरोप घ्यायच्या आतच रडून घेतलं. अब्बा खिडकीशी आले आणि एवढंच बोलले, "बेटा, सूद पे मशीन नक्को लेना. लिया तो मैं तेरे घर नइं आतूं." बस हलली. माझ्या खिशात बँकेच्या कर्जाचा फॉर्म होता. अब्बांना ते कसं कळलं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

तुला आठवत असेल, दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. अब्बा नालबंद. लोकांनी बैल विकून टाकले, मग नाल ठोकायची कुणाला? लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कलेक्टर कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस बसायचे आणि त्यांच्यापुढे माणसांची रांग. टँकर द्या, चारा द्या, रोजगार हमीचं काम द्या. मला मराठी टायपिंग येत होतं, पण मशीन नव्हतं. बँक द्यायला तयार होती, फक्त जामीनदाराची सही हवी होती.

खोटं कशाला सांगू, अब्बांचा मला भयंकर राग आला होता. माझ्याबरोबरची पोरं कर्ज काढून मार्गी लागली आणि मी एका हॉटेलात कपबश्या विसळत होतो. शेवटी सहीसाठी कांबळे काकांकडे गेलो. ते कचेरीतून रिटायर झालेले टायपिस्ट, हॉटेलात रोज चहाला यायचे. त्यांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "वडलाला इचारलंस का?" मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी फॉर्म घडी करून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "तुमच्याकडं कालवडी अर्धलीनं देत्यात न्हवं? माझं जुनं मशीन पडून हाय. ने की अर्धलीनं."

आपल्या अंगणात अशी कालवड असायचीच. जनावर एकाचं, चारापाणी दुसऱ्याचं, विकलं की पैसे निम्मे-निम्मे, आणि मेलं तर दोघांचंही नशीब. मशीनचंही तसंच ठरलं. कमाईत अर्धा वाटा काकांचा, कमाई नाही तर वाटा नाही. मी अब्बांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, मौलवीसाबांना विचारलं, हे चालतं. मी बँकेचा फॉर्म फाडला.

पण खरी अडचण पुढंच होती. अर्जनवीसांना चांगले पैसे मिळायचे ते कर्जाच्या प्रकरणांचे. विहिरीचं कर्ज, म्हशीचं कर्ज. आणि सुदाचा कागद लिहिणाराही गुन्ह्यात वाटेकरी असतो, हे आपण मौलवीसाबांकडून लहानपणापासून ऐकलेलं. पहिल्याच दिवशी मी अशी तीन प्रकरणं टाइप केली. दुसऱ्या दिवसापासून नाही म्हणायला लागलो. शेजारचे मला 'मौलाना टायपिस्ट' म्हणून चिडवायचे. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलं. महिनाअखेरी काकांच्या हातावर ठेवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी मशीन उचलून त्यांच्या दारात नेलं. माझ्या हट्टापायी त्यांचं नुकसान कशाला?

"ठिव खाली," काका म्हणाले. "आमी बौद्ध झालो तवा गाव लई हसलं. लोकं हसले म्हणून आमी माघारी फिरलो का? आन् कालवड दुसऱ्याच म्हैन्यात परत आणून बांधतंय का कुणी?"

मी मशीन पुन्हा लिंबाखाली नेलं. हळूहळू टँकरचे, रेशनचे, शाळेच्या दाखल्याचे अर्ज माझ्याकडे यायला लागले. पोट भरण्याइतकं काम मिळत गेलं. आज कॉम्प्युटर आहेत, प्रिंटर आहे, दुकानाला शटर आहे. बँकेत खातंही आहे, करंट खातं, कारण त्यावर व्याज मिळत नाही. मॅनेजर अजून समजावतो की सेव्हिंगला टाका, फुकटचे पैसे कशाला सोडता. मी त्याला चहा पाजतो.

मशीन घेतलं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अब्बा न कळवता लातूरला आले. माझ्या खोलीत शिरले, मशीनवर हात फिरवून पाहिलं, जेवले आणि चटईवर घोरत पडले. मी दारात बसून ते घोरणं ऐकत होतो. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं. दुपारी त्यांना गाडीत बसवलं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "शमीम को भेजतूं. उसको बी सिखा."

पुढचं तुला माहीतच आहे. तू आलीस, माझ्याहून जलद टाइप करायला शिकलीस आणि आता नांदेडच्या कचेरीत साहेबांच्या चुका काढत बसतेस. परवा फोनवर तू विचारलंस, भाईजान, देवणीत आता आपलं कुणी नाही, मग घर कोणतं म्हणायचं? देवणीचं घर अब्बांचं होतं, शमीम. माझं घर त्या दुपारी झालं, अब्बांनी आपली लेक माझ्या खोलीत पाठवायची ठरवली तेव्हा.