तापली की बंद पडणारी गाडी

दिग्रसला आमचं गॅरेज होतं. अब्बांनी ते जीप-ट्रॅक्टरच्या जमान्यात टाकलं. माझ्या हाती आलं तोवर गाड्यांमध्ये सेन्सर आले होते. ही गोष्ट बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या दिवसांतली.

एका रिटायर झालेल्या गुरुजींची जुनी डिझेल गाडी होती. चालता चालता इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि गाडी गपकन बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची, दिवाही विझायचा. गुरुजींनी ती दोन जागी दाखवली होती. एकानं डिझेल फिल्टर बदललं, दुसऱ्यानं टाकी उतरवून धुतली. मी स्कॅनर लावला तर आत काहीच नाही. आधीच्या मिस्त्रीनं बिघाडाचे जुने कोड पुसून टाकले होते. गॅरेजात गाडी कितीतरी वेळ चालू ठेवली, पण बंद पडेल तर शपथ.

माझा संशय दोन सेन्सरवर होता. एक डिझेलचं प्रेशर सांगणारा. दुसरा क्रँकचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा. हा दुसरा जुना झाला की तापल्यावर मुका होतो आणि थंड झाला की पुन्हा बोलायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी बंद पडल्या पडल्या सेल मारायचा, म्हणजे स्टार्टरनं इंजिन फिरवायचं, आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहायचं. काटा जागचा हललाच नाही, तर दोष क्रँकच्या सेन्सरचा.

"गुरुजी, ते बंद पडल्याबिगर काही समजत नाही," मी म्हटलं. "चला, यवतमाळच्या रस्त्यानं तापवून आणू."

गुरुजी चालवत होते, मी शेजारी. उन्हाचा तडाखा होता. दारव्हा मागं पडलं, तरी गाडी शहाण्यासारखी चालत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली. एका वळणावर बाभळीखाली एक बाई दोन्ही हात वर करून उभी दिसली. तिच्या पायाशी तिचा नवरा आडवा पडला होता. पाठीवरचा फवारणीचा पंप काढून बाजूला ठेवला होता.

"फवारून राह्यले होते जी सकाळपासून," ती म्हणाली. "डोळ्याले दिसत नाही म्हणे, अन् पडले. अॅम्ब्युलन्सले फोन लावला, ते दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली."

त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. शर्ट औषधानं भिजून अंगाला चिकटला होता. आम्ही तो शर्ट फाडून काढला, माणसाला मागच्या सीटवर घेतलं. बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्याजवळ पिण्याच्या पाण्याची कॅन होती. पदर ओला करून ती त्याची छाती, मान पुसत राहिली. औषध कातडीतूनही भिनतं, एवढं तिला ठाऊक होतं.

गुरुजींनी गाडी दामटली. थोडं पुढे गेलो आणि पिवळा दिवा लागला. इंजिन मेलं.

गुरुजींनी सेल मारला. माझी नजर आपोआप काट्यावर गेली. काटा शून्यावर मढ्यासारखा पडून होता. क्षणभर मनात आलं, सापडलं! मागं तो माणूस घरघरत होता आणि मला चक्क आनंद झाला होता. तो क्षण मला अजून आठवतो.

"आता कसं?" गुरुजींनी विचारलं.

"सेन्सर थंडा करावा लागते. पाणी पायजे."

पाणी फक्त त्या कॅनमध्ये होतं. रस्त्यावर दुसरं वाहन दिसत नव्हतं. मी बाईकडे वळलो.

"वहिनी, थोडं पाणी द्या. गाडीले."

तिनं कॅन छातीशी धरली. "मंग यायले कायनं पुसू?"

"गाडी नाही निघाली तर पुसून काय फायदा?"

मी फार कडक बोललो. तिनं कॅन दिली. बॉनेट उघडून, इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घालून मी ओलं फडकं सेन्सरला गुंडाळलं. हात पोळला. फडकं सुकलं की पुन्हा भिजवलं. काही वेळानं गुरुजींनी सेल मारला, काटा थरथरला आणि इंजिन सुरू झालं. यवतमाळ येईपर्यंत असंच आणखी एकदा थांबावं लागलं. त्या वेळी बाईनं न मागता कॅन पुढे केली. उरलेलं पाणी मी फडक्यावर ओतलं. ती कोरड्या पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. त्या वॉर्डात फवारणीचेच पेशंट होते. खाटा पुरत नव्हत्या, विष डोक्यात चढून झटापट करणाऱ्या एक-दोघांचे हात पलंगाला बांधले होते. आमच्या माणसाला आत नेलं. गुरुजी बाहेरच्या पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी मी नवा सेन्सर टाकला. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. तो माणूस मात्र आठवडाभरात गेला.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती बाई एसटीनं दिग्रसला आली, विचारत विचारत गॅरेजात पोचली. मी स्टूल दिलं, चहा सांगितला. तिनं चहा हातात घेतला, पण प्यायली नाही.

"भाऊ, एक इचारू? गाडी बंद नसती पडली, तर वाचले असते का ते?"

नाही म्हणून टाकावं असं वाटलं. पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढे खोटं बोलवेना.

"मले मालूम नाही, वहिनी."

"गुरुजीले इचारलं, ते म्हणे, नसते वाचले."

"त्यायले बी मालूम नाही."

तिनं मान हलवली. "मले बी तसंच वाटलं, ते धीर द्याले बोलले." मग परतीच्या गाडीची वेळ विचारली. उद्या वेचायला जायचं होतं, त्याच वावरात. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला निघालो, तर नको म्हणाली आणि चालत गेली.