बारा मुलींच्या साड्या

तीन वर्षं मी इथल्या, रायपूरच्या शाळेच्या पालकसभेत पर्सची चेन उघडबंद करत बसले. बाई विचारायच्या, "कौन-कौन मम्मी हेल्प करेंगी?" की समता कॉलनीतल्या बायका पटापट हात वर करायच्या, जणू फुकट काही वाटताहेत. माझा हात काही उठत नसे. माझं हिंदी ऐकून एकदा बाई गालात हसल्या होत्या, तेवढं मला पुरलं होतं. शेवटी चौथीतल्या माझ्या पोरीने विचारलंच, "आप कभी हेल्प करने क्यों नहीं आतीं? सबकी मम्मी आती हैं."

नवऱ्याचं ऑफिस नव्या रायपूरला गेलेलं. सकाळच्या स्टाफ बसने गेला की संध्याकाळीच उगवायचा, म्हणजे शाळेचं सगळं माझ्याच गळ्यात. वर उपदेश, "काहून भेऊन राहिली? तुले कोणी खाते का तिथं?" स्वतः एकदाही सभेला न गेलेल्या माणसाला हे बोलणं फार सोपं असतं.

पुढच्या सभेत बाई म्हणाल्या, सातवीच्या बारा मुलींना नाचासाठी साड्या नेसवायच्या आहेत. साडी! मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी मीच तर नेसवते. मी हात वर केला. कुणी पाहिलाच नाही. मग चक्क उभी राहिले, तेव्हा कुठे माझं नाव लिहिलं गेलं. पोरीला सांगितलं, तर तिने शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगून टाकलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी एकेक मुलगी उभी करत गेले, निऱ्या चापूनचोपून बसवल्या, काष्टा घट्ट खोचला. आठवी मुलगी नेसवून होते न होते, तोच नाचाच्या बाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "मैडम, ये क्या किया? छत्तीसगढ़ी नाच है, ये तो मराठी हो गया."

खरंच की. नाच इथला, राज्य इथलं, आणि मी आपली हाताला सवय म्हणून काष्टे खोचत सुटले होते. कुणाला विचारायचंही सुचू नये? स्वतःचा असा राग आला! त्यातून कहर म्हणजे इथल्या पद्धतीने कशी नेसवतात, ते त्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

शाळेत झाडपूस करणारी बाई बादली घेऊन दारातच उभी होती. मी विचारलं, "आपको आता है?"

"हव," तिने मान डोलावली.

"तो इतनी देर से बोली क्यों नहीं?"

"मोला कोन पूछिस?" खरंच, तिला विचारलं होतं कुणी?

तिने बादली बाजूला ठेवली, माझे आठही काष्टे सोडले आणि बाराही साड्या घोट्याच्या वर सरळ, घट्ट गुंडाळून दिल्या. मी नुसत्या पिना पुढे करत होते.

नाच छान झाला. तो संपताच माझी पोरगी दोन मैत्रिणींना ओढत आत घेऊन आली. "देखो, सबको मेरी मम्मी ने पहनाई है." तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. ती बाई तिथेच खाली बसून पडलेल्या पिना वेचत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"हव बेटी, तोर मम्मी ह पहिराय हे." तुझ्या मम्मीनेच, असं सांगून ती पुन्हा पिना वेचू लागली.

नाही, हिने नेसवल्या, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. अजून स्वतःची चीड येते.