अकरा नंबरच्या खोलीतला हळदीचा दिवा

लॅबमध्ये दोन गोष्टी न मागता वाढतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान दिवाळीला फेकता येतात. तंजावरच्या कॉलेजात मी सुगुणाबाईंची असिस्टंट होते, त्यामुळे माझ्याकडचा ढीग जरा मोठाच आहे.

बाई फिजिक्सच्या. दोघी इथल्याच मराठी घरांतल्या, म्हणून आपसात मराठी बोलायचो आणि भांडायचो तमिळमध्ये. बाईंचं वेड एकच: झाडापाल्यातल्या, प्राण्यांतल्या रेणूंचे पातळ थर काचेवर द्यायचे, वीज सोडायची आणि उजेड काढायचा. गावभर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि आमची अकरा नंबरची खोलीही प्रिन्सिपलना कॉम्प्युटरसाठीच हवी होती. उजेड दाखवला नाही तर खोली जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

* * *

"आता बाजार उघडलाय, चमकणारा रंग परदेशातून मागवा," असं एका कंपनीचा माणूस सांगून गेला. हळदीतला पिवळा रंगही चमकतो, म्हणून बाईंनी हळद मागवली! ऑफिसातून कागद शेरा मारून परत आला: "कँटीनमधून घ्यावी."

बाईंनी खाली लिहिलं: "घेतली होती. हळद कमी, पीठ जास्त. प्रिन्सिपलनी सांबार जपून खावं."

मग त्या स्वतः पापनाशमच्या बसनं जाऊन पिशवीभर हळकुंडं घेऊन आल्या. ऑफिसनं पुन्हा काही विचारलं नाही.

* * *

हळदीखाली डीएनएचा थर दिला तर उजेड वाढेल, असं बाईंना वाटत होतं. बाटली आली, तिच्यावर माशाचं नाव. हेडक्लार्क कडक शाकाहारी, ते सही करेनात.

"माशाचं, अम्मा? इथं?"

"डीएनए तुमच्यातही आहे, सार," बाई म्हणाल्या. "माशाचं जरा शुद्ध मिळतं, इतकंच."

सही झाली. पेन मात्र त्यांनी धुऊन घेतलं.

* * *

पहिला उजेड भर दुपारी पडला, खिडक्यांवर काळं कापड टाकून. बाईंना दिसला, मला दिसला. बाईंना तिसरा साक्षीदार हवा होता. शिपाई सेल्वम उन्हातून आला आणि म्हणाला, "काही नाही." बाईंनी त्याला दहा मिनिटं अंधारात बसवलं आणि नवी काच जोडली.

"दिसतंय, अम्मा. नखाएवढं. पिवळं."

चार मिनिटांत तेही विझलं. मला रडू आलं. बाई भडकल्या.

"चार मिनिटं कमी आहेत काय? काल शून्य होतं."

* * *

खोली रिकामी करायचा हुकूम निघाला तो नेमका आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सुट्टीच्या दिवसाचा. पूजेला ठेवलेलं अवजार त्या दिवशी हलवायचं नाही, हे इथं सगळे पाळतात, फक्त बाई सोडून. दर वर्षी हळदकुंकू वाळायच्या आत त्या थर देताना हवा काढायचा पंप चालू करायच्या.

त्या वर्षी बाईंनी सकाळी येऊन प्रत्येक यंत्राला गंध लावलं. खिडक्या झाकल्या. सरस्वतीच्या तसबिरीपुढं समईच्या जागी नवी, आधीच्यांपेक्षा जास्त टिकेल अशी काच ठेवली आणि तिला रेडिओच्या बॅटऱ्या जोडल्या.

सेल्वम दोन माणसं घेऊन सामान न्यायला आला. आत डोकावला, चपला काढल्या आणि डोळे सरावेपर्यंत दारातच थांबला. "दिवा लागलाय. तो शांत होईपर्यंत मी काही उचलणार नाही."

शेवटी प्रिन्सिपल स्वतः आले. अंधारात बराच वेळ उभे राहिले, तेव्हा कुठं त्यांना दिसायला लागलं. पूजेतला दिवा विझवायचा नसतो, हे त्यांनाही घरातूनच ठाऊक होतं.

"किती वेळ चालेल हा?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडं स्टूल सरकवलं आणि मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांच्या हातात दिलं.

"तेच मोजायचंय, सार. बसा."