चऱ्होलीच्या माळावरचं तेल

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान चऱ्होलीच्या माळावर ऊन असं पडायचं, की पाय भाजतील म्हणून कावळा खाली उतरतच नसे. त्या माळावर मी जमिनीत पाईप उतरवून तेल शोधत होतो. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन दारोदार फिरल्यावर मिळालेली ही एकुलती नोकरी. मालक पुण्याचा तेलघाणीवाला शेठ. गुजरातेत जमिनीतून तेल निघणार अशी बोलवा त्याच्या कानावर आली, आणि जन्मभर करडई पिळून कंटाळलेल्या त्या माणसानं थेट पृथ्वीच पिळायला घेतली.

आपल्याकडे सगळा ज्वालामुखीचा काळा पाषाण. त्यात तेल तयार होत नाही. तेल शिजतं जुन्या चिखलात, पाला-किडे गाडून घट्ट झालेल्या खडकात. हे मी शेठला सांगितलं होतं. आवाज मात्र जरा बारीक होता.

शेवटी शेठचा धीर सुटला. "शनिवारी येतो. काही दिसलं तर ठीक, नाहीतर पाईप उपसा आणि घरी जा."

घरी जा म्हणे. चिंचवडच्या भाड्याच्या खोलीत बायको पहिलटकरीण होती, आणि तिला मी तेल लागल्यातच जमा आहे असं सांगून बसलो होतो.

शुक्रवारी पाषाणाच्या दोन थरांमधून मऊ, काळपट चिखलाचा दगड वर आला. त्यावर पानांचे ठसे. मी असा नाचलो, की तळेगावात भांडी पडली असतील.

शनिवारी शेठसमोर मी त्यातला सगळ्यात काळा, चकचकीत तुकडा निवडला. चुरा काचेच्या नळीत भरला, खाली स्पिरिटचा दिवा लावला. दगडात तेल असेल तर नळीच्या थंड टोकाला थेंब धरतात.

थेंब धरले. पिवळे.

"आलं की वो, सायेब," मुकादम कुजबुजला.

शेठनं नळी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "राव, ही तर करडई."

चुलीपाशी बसलेल्या मुकादमाच्या बायकोनं पदर सावरला. "शनवार हाय न्हवं? जिमिनीतनं काळा दगड आला, म्हंजी मारुतीच की. सकाळी तेल वाहिलं."

"त्यानं परत दिलं," मुकादम म्हणाला. "दानत बघा दगडाची."

शेठ हसला नाही. "दुसरा तुकडा तापवा."

दुसऱ्यातून वाफ निघाली. तिसऱ्यातून जळक्या मातीचा वास.

"शेठजी, हा वरचा थर आहे. खाली आणखी असेल."

"असेल," तो म्हणाला, आणि मुकादमाकडे वळला. "उपसा."

पाईप एकेक करून माळावर आपटू लागले. दिव्यातलं स्पिरिट संपलं, तेव्हा मी चुलीतला निखारा आणला आणि नवा तुकडा फोडला. वारा सुटला होता. मुकादमाची बायको समोर येऊन पदराचा आडोसा धरून बसली.

"तापवा, सायेब. ह्याला म्या हात न्हाई लावला."