मिसूरीवरचं माझं वल्हं

आमचे अण्णा सांगलीत श्रावणात कृष्णेवर होणाऱ्या होड्यांच्या शर्यतीत पुढचं वल्हं मारायचे. त्यांची मुलगी म्हणून मीही लहानपणीच वल्हवायला शिकले, पण शर्यतीच्या होडीत त्यांनी मला कधी बसू दिलं नाही. “पोरींनी घाटावरनं ओरडायचं,” म्हणायचे. तो राग मी लग्नानंतर रुखवताबरोबर अमेरिकेत घेऊन आले.

दोनशे वर्षांपूर्वी दोन कॅप्टन चाळीसेक माणसं घेऊन मिसूरी नदीतून प्रवाहाच्या उलट निघाले होते, नकाशा जिथं कोरा होता तिकडे. २००४ च्या मे महिन्यात आमच्या गावाजवळून तशीच लाकडी बोट पुन्हा निघणार होती. वल्हवणारे हवे होते, म्हणून मी नाव द्यायला गेले. नावं लिहून घेणाऱ्या आजोबांनी मला प्रेमानं जुन्या काळच्या बायकांचं टोपडं घालून काठावर मक्याचा ब्रेड वाटायला सुचवलं, कारण निघताना मूळ बोटीवर बाई नव्हती.

“तेव्हा इंजिनही नव्हतं,” मी म्हटलं. “तुम्ही खाली लपवलंय ते काय?”

ते खो खो हसले आणि शनिवारी सरावाला ये म्हणाले.

नवरा म्हणाला, “अगं कॅन्सल कर ना यार, पाठ धरली तर सुट्टी मलाच घ्यावी लागेल.” माझ्या तळहातांची सालटं निघाली, ती मी त्याला दाखवलीच नाहीत.

निघायच्या दिवशी तोफ उडाली आणि गर्दीसमोर इंजिन बंद केलं. गढूळ पाण्याला भलती ओढ होती. बोट जरा मागंच सरकली. मग सगळ्यांची वल्ही एकदम पडली आणि ते जड धूड पुढं निघालं. काठावरून माझी लेक ओरडत होती, “गो आई, गो!” मला अभिमानानं रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी येऊन अण्णांना फोन लावला. कॅप्टन, नकाशा, तोफ, त्यांना कशाचंच अप्रूप नव्हतं.

“उलट्या पाण्याला मारलंस वल्हं?”

“हो.”

“पुढं बसून?”

“पुढंच.”

मग म्हणाले, “आमच्या होडीत बसवायला पाहिजे होतं तुला.”

या एका वाक्याची मी वीस वर्षं वाट बघितली होती. पण मीही लेक त्यांचीच ना.

“श्रावणात येतेय,” मी म्हटलं. “पुढची जागा रिकामी ठेवा.”