शून्य मृत्यूंचे डॉक्टर

आता काय सांगू तुम्हाला! माणसं अज्ञानापायी मरतात म्हणे. मी आकडेवारीपायी मरता मरता वाचलो, आणि आकडेवारीही माझीच!

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका इस्पितळात कारकून होतो. साहेबांना हुक्की आली. कोणत्या सर्जनचे किती रोगी बरे झाले, किती दगावले, दर रोग्यामागे सरासरी खर्च किती, याचा दरमहा तक्ता करा. केला. सर्जन दोनच होते. थोरल्या डॉक्टरांच्या रकान्यात मृत्यूही जास्त, खर्चही जास्त. धाकट्या डॉक्टरांकडे मृत्यू चक्क शून्य! तेव्हापासून थोरले समोरून आले की मी जिन्याखाली शिरायचो. न जाणो, नुसत्या नजरेनेच दगावलो तर?

आणि नेमकं माझंच पोट दुखायला लागलं. थोरल्यांनी उजवीकडे बोटाने दाबलं. मी ओरडलो.

"अपेंडिक्स. उद्या सकाळी कापू."

उद्या! माझ्याच वळणदार अक्षरातला तो रकाना डोळ्यांपुढे नाचायला लागला.

"धाकटे डॉक्टर येऊ देत की," मी म्हणालो. धाकटे साताऱ्याला मेव्हणीच्या लग्नाला गेले होते.

कवठे महांकाळहून आलेला माझा मेहुणा कावला. "दाजी, थोरलं डॉक्टर लय भारी हाय म्हणत्यात समदी. तुमी कवा कापून घेणार?"

"अरे, त्यांच्या हातून माणसं मरतात!"

"आन् पोट फुटून मरत न्हाईत व्हय?"

"राहू दे रे," बायको म्हणाली. "त्यांना तक्त्याला विचारून मरायचंय."

धाकटे उगवले तोवर मी तापाने फणफणलो होतो आणि पोट फळीसारखं टणक झालं होतं. त्यांनी पोट चाचपलं, साखरेचा रिपोर्ट पाहिला आणि विस्तवाला लागावा तसा हात मागे घेतला.

"अहो, मधुमेह, त्यात हे फुटलेलं! न्या यांना थोरल्यांकडे, पळा!"

"पण डॉक्टर, तुमच्याकडे तर कुणीच मरत नाही!"

"कसं मरेल? असली केस दिसली की मी तिकडेच पाठवतो."

स्ट्रेचर धावत होतं आणि मला सांख्यिकी समजत होती. मास्कवरचे थोरल्यांचे डोळे दिसले. "या, वाटच बघत होतो," ते म्हणाले. मी डोळे मिटले. उघडतील याची खात्री नव्हती.

उघडले. पण खाट काही लवकर सुटली नाही. कामावर परतलो, तक्ता साहेबांपुढे ठेवला; खाली शेरा, 'एका रोग्याने ऑपरेशन लांबवले.' साहेब भडकले.

"थोरल्यांचा सरासरी खर्च एवढा कसा वाढला? कोण हा शहाणा, वेळेवर न कापून घेणारा?"

मी खाकरलो. "साहेब, तक्ता घेऊन उभा आहे तोच."