अर्ध्यावर थांबलेला काटा

न्हावऱ्याच्या पुढे, पारगावचा पूल यायच्या आधी गाडी आचके देत बंद पडली, तेव्हा डिझेलचा काटा अर्ध्यावरच होता. त्यामुळे डिझेल संपलं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं.

शेजारच्या सीटवर माझे यजमान मान मागे टाकून बसले होते. रविवार मध्ये आल्यानं डायलिसिसला एका दिवसाचा जास्तीचा खंड पडला होता. पाय सुजून चप्पल घालता आली नव्हती. अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत चढल्यासारखा त्यांचा श्वास चालला होता.

"काय झालं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही. होतीय चालू."

ती चालू होत नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, डोक्यावर ऊन, आणि दौंड अजून लांब.

आमचं गाव शिरूर तालुक्यात. घरची शेवंती-झेंडूची शेती धाकटे दीर बघतात. मी गावच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. यजमान रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, किडन्या निकामी होईपर्यंत. शिरूरला मशीनवर जागा मिळेना, दौंडला मिळाली, म्हणून एक दिवसाआड आम्ही दौंडला जायला लागलो.

गाडी आजारपणाच्या आधीची. पुण्याच्या एका बिल्डरनं वापरून टाकलेली जुनी, भली मोठी, डोंगरदऱ्यांत चालणारी परदेशी गाडी यांनी हौसेनं आणली होती. आत लेदरची सीटं, डॅशबोर्डवर खऱ्या लाकडाची पट्टी. एक बटण दाबलं की ती उंटासारखी खाली बसायची, म्हणजे माणसाला चढायला सोपं. तेव्हा मी वैतागले होते. पुढे तीच गाडी आमच्या कामाला आली. छोट्या गाडीत यांना खड्ड्याखड्ड्याला उलटी व्हायची, आणि एसटीचा तर प्रश्नच नव्हता. हिच्यात सीट पार आडवं करून ते झोपून जायचे. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, गावाबाहेरच्या माळावर, त्यांच्या ओरडण्यासकट.

त्या सोमवारी मी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि बघत राहिले. काय बघायचं तेच मला ठाऊक नव्हतं. फोन लावला तर दीर मार्केटला गेलेले, उचलेनात. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, शिरूरवरून निघतो, पण वेळ लागेल. एवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा कडेला थांबले. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी.

"आबा, जवळ कुठं मेकॅनिक आहे का हो?"

"मेकॅनिक न्हावऱ्याला. बंद पडली व्हय? टाकीवर काठी मारून बघ की, बाई." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी खाली वाकून टाकीवर काठी आपटली. डबा वाजावा तसा पोकळ आवाज आला. "रिकामी हाय."

"काटा तर अर्ध्यावर आहे."

"काट्याचं मला न्हाई कळत. आवाज रिकामा हाय."

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर आधी चिडला, मग गाडीत डोकावला, आणि यांचा चेहरा बघून कॅन घेऊन आला. त्यानं स्वतःच्या टाकीत नळी घातली, तोंडानं ओढून डिझेल काढलं, थुंकला, कॅन भरून आमच्या टाकीत ओतलं. मी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली नाही.

"एअर घेतली आसंल," तो म्हणाला. "पार कोरडी झाल्याव असंच हुतं. हवा काढाया लागंल."

यांनी आतून हात हलवला. काचेपाशी कान नेला तेव्हा कळलं ते काय म्हणताहेत. "फिल्टरवर... छोटा पंप... दाब. घट्ट होईस्तवर दाब."

मी दाबत राहिले. बोटांची कातडी सोलली. ते एक शब्द बोलायचे आणि चार श्वास घ्यायचे. मी पंप दाबायचे, आत जाऊन सेल मारायचे, पुन्हा बाहेर यायचे. इंजिन दोनदा धडधडलं आणि विझलं. सेल मारून मारून शेवटी बॅटरी बसली, डॅशबोर्डवरचे दिवे मालवले, आणि तो काटा, इतका वेळ अर्ध्यावर उभा असलेला, तेव्हा कुठे खाली पडला.

मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. शाळेतली बाई, साडी डिझेलनं माखलेली, समोर शेळ्या. त्या आबांनी मला रडू दिलं. ते रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाड्यांना काठी दाखवत होते. ॲम्ब्युलन्सचा अजून पत्ता नव्हता. शेवटी कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं क्लीनरला मागे गोण्यांवर पाठवलं, आणि आम्ही यांना उचलून केबिनमध्ये बसवलं. गाडी तशीच सोडून दिली. आबा म्हणाले, "जावा तुम्ही. मी हाय हितं."

दौंडला पोचलो तोवर यांची पाळी हुकली होती. मशीनवर दुसरा पेशंट लागला होता. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला किती वेळा सांगितलंय, वेळेत या." त्यांनी एकदा माझ्या हातांकडे बघितलं, एकदा यांच्या ओठांकडे, आणि आत डॉक्टरांशी बोलायला गेल्या. ऑक्सिजन लावून यांना बाकावर बसवलं. संध्याकाळच्या शिफ्टमधल्या एका बाईंनी आपली पाळी यांना दिली. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्या पाय मागे घेत म्हणाल्या, "असं नका करू. उद्या माझ्यावर पण ही वेळ यायचीय."

त्या दिवशी हे वाचले. पण माझी झोप उडाली ती उडालीच.

दिरांनी गाडी ओढून घरी आणली. शिरूरच्या मेकॅनिकनं मीटर गेलंय म्हणून सांगितलं. पुण्याच्या भंगारातून तसलंच मीटर शोधून आणून बसवलं, तर त्याचाही काटा अर्ध्यावर येऊन थांबला. कोरेगाव भीमाच्या एका इलेक्ट्रिशियननं सगळ्या वायरी तपासल्या आणि हात वर केले. टाकी फुल केली की काटा वर जायचा, मग हळूहळू उतरायचा, अर्ध्याला येऊन थांबायचा, आणि तिथून पुढे कितीही चालवा, हलायचा नाही.

लोक म्हणायचे, दरवेळी डिझेल टाकत जा ना. टाकायचेच मी. पण मधल्या दिवशी दीर त्याच गाडीत शेवंतीचे क्रेट घालून मार्केटला जायचे, कधी सांगायचे, कधी विसरायचे. डिझेलचा कॅन मागे ठेवून बघितला, तर त्या वासानं यांना उलट्या सुरू झाल्या. रस्त्यानं माझं सगळं ध्यान इंजिनाच्या आवाजात. न्हावरा गेलं की तळहात इतके घामेजायचे की स्टिअरिंग निसटायचं. एकदा चौफुल्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. काहीही झालेलं नव्हतं. मला पुढे चालवताच येईना. हे म्हणाले, "टाकी उघडू आपण. रविवारी."

"कोण उघडणार?"

"तू."

यांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी ऑपरेशन करून शीर जोडलेली होती, त्या हातानं जड काही उचलायचं नाही. उजव्या हाताला कंप. ते कॉटवरून उठून गाडीपर्यंत यायचे तेच दम खात.

रविवारी सकाळी गाडी अंगणात, सगळी दारं उघडी. हे प्लास्टिकच्या खुर्चीवर मागच्या दाराशी बसले. मी मागचं सीट काढलं, गालिचा गुंडाळला. त्याखाली पत्र्याचं एक झाकण निघालं.

"त्याच्याखाली टाकीचं तोंड. स्क्रू क्रमानं ठेव. फेकू नको."

"ठेवतेय."

"तसं न्हाई. डावीकडं फिरव. डावीकडं म्हंजी तुझ्या डावीकडं."

"अहो, कळतंय मला."

झाकणाखाली कित्येक वर्षांची धूळ आणि गंजलेली एक मोठी रिंग. ती हलेना. लाकडाचा तुकडा लावून हातोडीनं ठोकायचं, ते म्हणाले, ठिणगी पडायला नको. मी वाकून ठोकत राहिले. कंबर भरून आली. रिंग जागची हलत नव्हती आणि त्यांच्या सूचना थांबत नव्हत्या. मधेच ते म्हणाले, "हे सगळं ध्यानात ठेव. माझ्यानंतर तुलाच करायचंय."

मी हातोडी अंगणात भिरकावली. ती तुळशीजवळ जाऊन पडली.

"तुमच्यानंतर ही गाडी मी जाळून टाकणार आहे," मी म्हणाले. "ऐकताय? तुमच्यानंतर मला दौंडला कशाला जायचंय? कुणाला घेऊन जाऊ मी?"

घरातून सासूबाई दारापर्यंत आल्या आणि परत आत गेल्या. हे उठले, खुर्चीला, मग गाडीला धरत तुळशीपर्यंत गेले, उजव्या हातानं हातोडी उचलली, आणि परत येऊन माझ्यापुढे धरली. त्यांना धाप लागली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "जळकी गाडी कोण घील आपली? विकून तरी टाक."

मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात पुन्हा रडू आलं. हातोडी घेऊन मी रिंगेवर घाव घातला. दोन-चार घावांनी ती कुरकुरत सरकली.

आतून जी वस्तू मी वर काढली ती मला पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटसारखी दिसली. एक काळा फुगा, त्याला तारेचा दांडा. डिझेल वर-खाली झालं की फुगा वर-खाली होणार, दांडा फिरणार, आणि पुढे काटा हलणार. डिझेल माझ्या कोपरावरून ओघळत होतं. वास यांना सोसत नव्हता. नाकाला रुमाल लावून ते पुढे वाकले.

"हलव फुगा. हळू."

फुगा वरून खाली आला आणि मधेच टक्कन अडला. तिथं एक नळी आडवी आली होती. आधीच्या मालकाकडे कुणीतरी आतला पंप बदलताना ती नळी चापात न बसवता तशीच सोडून दिली होती. डिझेल अर्ध्याखाली गेलं की फुगा त्या नळीवर टेकायचा. एवढंच. मीटर ठीक होतं, वायरी ठीक होत्या.

यांनी हात पुढे केला. मी ती वस्तू त्यांच्या मांडीवर जुनं धोतर अंथरून ठेवली. त्यांची बोटं थरथरत होती. नळी चापाजवळ न्यायचे आणि ती सुटायची. मी मदतीला हात नेला, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी थांबले. कितीतरी वेळानं चापाचा बारीकसा आवाज आला. फुगा आता वरपासून खालपर्यंत मोकळा फिरत होता. ते खुर्चीत मागे रेलले. कारखान्यातून दमून आल्यावर दिसायचे तसे दिसत होते, आजारी नाही.

सगळं परत बसवून किल्ली फिरवली तेव्हा काटा लाल रेषेच्या जवळ जाऊन थांबला आणि डिझेलचा छोटा पिवळा दिवा लागला. तो दिवा त्या गाडीत आहे हेही मला माहीत नव्हतं.

यांची तब्येत त्यानं सुधारली, असं काही झालं नाही. एक दिवसाआडचं दौंड तसंच चालू आहे. किडनीसाठी नाव नोंदवलंय, वाट बघतोय. कधी यांचं बीपी मशीनवरच पडतं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून भिंतीकडे बघत राहते. पण रस्त्यात माझे तळहात आता कोरडे असतात.

परवा परतताना केडगावच्या पुढे मी रसवंतीपाशी थांबले. यांना दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून त्यांच्यासमोर मी काही पीत नाही. ते झोपले होते. मी गाडीच्या मागे जाऊन, पाठ फिरवून, घाईघाईनं रसाचा ग्लास तोंडाला लावला. तेवढ्यात काच खाली झाल्याचा आवाज आला.

"हितं ये की पुढं," ते म्हणाले. "उन्हात कशाला उभी ऱ्हातीस? आत बसून पी."

मी आत आले, सीटवर बसले. ग्लास हातात तसाच.

"पी," ते म्हणाले. "आलं घातलंय का त्यात?"

"घातलंय."

"जास्त?"

"थोडं जास्तच झालंय," मी म्हणाले, आणि त्यांच्या देखत, सावकाश, सगळा ग्लास संपवला.